धाकटं येताना थोरल्याच्या हाकेला ओ कोण देणार?

तुम्ही लिहिलंय की चौतिसावा आठवडा चालू आहे, थोरला अडीच वर्षांचा आहे आणि घरात तुम्हा दोघांशिवाय सासूबाई-सासरे आहेत. पोटावर हात ठेवून 'इथे बाळ आहे' म्हटलं की तो 'नको, परत देऊन टाक' म्हणतो. त्याला बाळासाठी तयार कसं करायचं, हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: 'याच्यावर माझा एवढा जीव आहे की दुसऱ्यासाठी काही उरेल की नाही, याचीच भीती वाटते.' त्या ओळीकडे मी शेवटी येते.

मी परिचारिका आहे. आधीची ९ वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात गेली आणि नंतरची १७ वर्षं बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळ-आई तपासण्यात. त्यामुळे पुढचं सगळं पुस्तकापेक्षा घराघरांत पाहिलेलं जास्त आहे.

अडीच वर्षांच्या मुलाची तयारी बोलून फारशी होत नाही. 'दोन महिन्यांनी' आणि 'उद्या' यातला फरकच त्याला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की मी हाक मारली तर कोण येतं. म्हणून खरा प्रश्न त्याच्या तयारीचा नाही, घरातल्या मोठ्यांच्या तयारीचा आहे. बाळ आल्यावर त्याच्या हाकेला ओ कोण देणार, आणि दिवसातून किती वेळा ती ओ तुमची असणार, हे तुम्ही आत्ता ठरवू शकता.

नवजात बाळाच्या गरजा मोजक्या असतात: ऊब, दूध, झोप, स्वच्छ हात आणि लक्ष ठेवणारी एक शहाणी नजर. यातलं अंगावरचं दूध फक्त तुम्हीच देऊ शकता. बाकीचं सगळं बाळाचे बाबा, आजी, आजोबा तितक्याच चांगल्या रीतीने करू शकतात. उबेचंही तसंच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली, तिलाच आज कांगारू पद्धत म्हणतात. तशी छाती बाबांचीही चालते. मी स्वतः कित्येक बाबांच्या सदऱ्याची बटणं सोडायला लावून बाळ आत ठेवलंय, आणि बाळ दहा मिनिटांत शांत होताना पाहिलंय.

तरी बहुतेक घरांत वाटणी उलटी होते. बाळ आईला चिकटलेलं आणि 'तिला त्रास देऊ नको' म्हणत थोरल्याला दुसऱ्या खोलीत नेलेलं. नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाला दिसतं ते असं की बाळ आलं आणि आई गेली.

एका घरातला प्रसंग सांगते. तीन वर्षांचा मुलगा, बहीण दोन आठवड्यांची. आई पाजायला बसली की हा पाण्याचं भांडं उपडं करायचा. रोज, तीन-चार वेळा. घरचे म्हणायचे, जळतो बहिणीवर. मी एकदा पाजण्याच्या वेळी मुद्दाम थांबले आणि बाळाकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिले. आई, बाबा, आजी तिघांच्या नजरा बाळाच्या तोंडाकडे लागल्या, दूध ओढतंय का, श्वास नीट आहे का. तो पाच मिनिटं दारात उभा होता. मग भांडं आडवं झालं आणि सहाच्या सहा डोळे एका क्षणात त्याच्यावर आले. तो बहिणीवर चिडलेला नव्हताच. त्याला फक्त एक खात्रीचा उपाय सापडला होता. आम्ही एवढंच बदललं की पाजायला बसण्याआधी आईने त्याला हाक मारून शेजारी घ्यायचं आणि पाजून झालं की बाळ आजीच्या खांद्यावर ढेकर काढायला जायचं, आई त्याच्याबरोबर दहा मिनिटं जमिनीवर बसायची. त्यानंतरही भांडं अधूनमधून सांडलंच, पण आठवड्यातून एखाद्या वेळी.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या प्रामाणिकपणे सांगते. थोरलं मूल दीड वर्षाच्या आतलं असेल तर त्याला बाळाबद्दल सांगून काही साधत नाही, फक्त त्याचा दिनक्रम जपायचा. पाच-सहा वर्षांचं असेल तर ते प्रश्न विचारतं, खरी उत्तरं पचवतं. दोन ते तीनमधलं वय सगळ्यात नाजूक, कारण आईची गरज पूर्ण आहे पण शब्द अजून अपुरे आहेत. तुमचा मुलगा नेमका तिथे आहे, त्यामुळे त्याचं 'परत देऊन टाक' मला मुळीच विचित्र वाटत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं आणि काही दिवस रुग्णालयात राहिलं, तर खाली लिहिलेलं बरंचसं पुढे ढकलावं लागेल. आणि घरात दोनच मोठी माणसं असती तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. तुमच्याकडे चार आहेत, ही मोठी जमेची बाजू.

उरलेल्या सहा आठवड्यांत काय करावं? आधी काय करू नये ते सांगते. त्याची झोपायची जागा बदलणं, डायपर सोडवणं, नव्या बालवाडीत घालणं, यातलं काहीही आता सुरू करू नका. असे बदल बाळाच्या आधी दोन-तीन महिने तरी व्हावेत, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. आत्ता केले तर ते सगळे बाळाच्या खात्यावर जमा होतील. तुमच्या गैरहजेरीत रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार ते मात्र आजच ठरवा, आणि त्या माणसाने या आठवड्यापासून त्याला झोपवायला सुरुवात करावी. आधी तुम्ही खोलीत असताना, मग दाराबाहेर असताना. प्रसूतीच्या रात्री हे पहिल्यांदा घडलं तर ती रात्र त्याला फार जड जाते.

दुसरी तयारी अंगाची. प्रसूती कशी होईल हे आधी सांगता येत नाही. सिझेरियन झालं तर सुरुवातीचे काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं, म्हणजे थोरल्याला कडेवर घेता येणार नाही. म्हणून 'तू चढून ये' हा खेळ आजपासूनच लावा. तुम्ही खाली बसायचं, त्याने स्वतः चढून मांडीवर यायचं. पोट वाढलेलं असताना तुम्हालाही ते बरं पडेल. सहा आठवड्यांत ही सवय इतकी मुरते की नंतर 'आई आता उचलत नाही' हा धक्का निम्मा होतो.

बोलायचं असेल तर खरं बोला. 'खेळायला भाऊ येतोय' असं सांगू नका. जे येणार आहे ते झोपेल, रडेल, दूध पिईल आणि कित्येक महिने चेंडू परत टाकणार नाही. मुलाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे. त्यापेक्षा त्याचेच जन्मानंतरचे फोटो काढून बसा: 'हा तू. तूसुद्धा असाच रडायचास, मग मी तुला असं धरायचे.' त्याला पोटाशी तोंड नेऊन काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या, कारण या महिन्यात बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येत असतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली दाखवून दिलं की जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळ आईचा आवाज इतर बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं आणि तोच जास्त पसंत करतं. भावाच्या आवाजाबद्दल मी तसा दावा करणार नाही, पण बाळ त्याच्या आवाजाला बिचकत नाही असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय, आणि 'बघ, ते तुझ्याकडे वळलं' हे वाक्य थोरल्याला फार दिवस पुरतं.

पहिल्या भेटीचं अवडंबर नको. तो आत येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू द्या, तुमचे हात रिकामे. आधी त्याला जवळ घ्या. बाळ बघायचं की नाही ते त्याने ठरवावं. तो बघायला तयार झाला नाही, रडला, पाठ फिरवून आजोबांकडे गेला, तरी काही बिघडलेलं नाही. त्या पाच मिनिटांवर पुढचं नातं ठरत नाही. पुढच्या पाचशे लहान प्रसंगांवर ठरतं.

त्या प्रसंगांत तुम्ही काय बोलता याला मोल आहे. ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी केंब्रिजमध्ये ४० कुटुंबं दुसऱ्या बाळाच्या आधीपासून बाळ वर्षाचं होऊन जाईपर्यंत पाहिली. बाळ आल्यावर बहुतेक थोरली मुलं जास्त हट्टी आणि चिकट झाली, हे तर कुणीही सांगेल. पण ज्या घरांत आई सुरुवातीच्या आठवड्यांत थोरल्याशी बाळाबद्दल 'एक माणूस' म्हणून बोलत होती, त्याला काय हवंय, काय वाटतंय यावर दोघं मिळून तर्क करत होती, तिथे पुढे वर्षभरानंतरही दोन्ही मुलं एकमेकांशी जास्त मायेने वागताना दिसली. मी हे वाचायच्या आधीपासून घरांत बघत आले होते. 'ते का रडतंय असेल? भूक लागली असेल का? उकडतंय का?' असं अडीच वर्षांच्या मुलाला विचारलं की तो न्यायाधीशासारखा गंभीर होऊन बाळाकडे बघतो. उत्तर चुकलं तरी चालतं. त्या क्षणी ते दोघं एका बाजूला नि रडण्याचं कोडं दुसऱ्या बाजूला, असं होतं.

याउलट एक वाक्य घरातून हद्दपार करा: 'बाळ झोपलंय, आवाज करू नको.' दिवसातून वीस वेळा ऐकलं की सगळ्या 'नको'चं कारण बाळच ठरतं. नवजात बाळं नेहमीच्या घरगुती आवाजात झोपतात, त्यांच्यासाठी घर मुकं करायची गरज नाही. अडवायचंच असेल तर कारण स्वतःवर घ्या: 'माझे हात आत्ता गुंतलेत, हे झालं की येते.' आणि अधूनमधून त्याला ऐकू जाईल असं बाळालाही थांबवा: 'थांब हं, आधी दादाच्या चपला घालते.' पोट भरलेलं, कोरडं बाळ एक मिनिट रडलं तर त्याला काही होत नाही, पण दादाने ऐकलेलं असतं. दुसरं वाक्य 'आता तू मोठा झालास, शहाण्यासारखं वाग'. तो मोठा झालेला नाही. परवापर्यंत तो घरातला सगळ्यात लहान होता. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी सांगितलेलं बरं. 'आता आई बाळाची झाली, तुला कोण विचारणार' अशी गंमत पाहुणे करतात, तिथे तर त्याच्या देखत, स्पष्ट शब्दांत थांबवा.

तो मागे जाईल. सुटलेला डायपर पुन्हा लागेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल, 'मलाही पाज' म्हणेल. लाजवू नका, थोडं करू द्या. बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपसूक सावरतात. मारलं तर हात धरा, 'मारू देणार नाही' एवढंच म्हणा आणि बाळाऐवजी आधी त्याच्याकडे वळा. मात्र एका बाबतीत तडजोड नाही: दोघांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय सोडायचं नाही, दाराची कडी काढायला जाण्यापुरतंही नाही. रागापेक्षा प्रेमाचीच धास्ती जास्त. अडीच वर्षांच्या हातांची घट्ट मिठी किंवा बाळाच्या तोंडावर मायेने ओढलेलं पांघरूण, दोन्ही धोक्याचं. याच कारणाने बाळाला थोरल्याच्या शेजारी झोपवायचं नाही. बाळाने पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-पांघरुणाशिवाय, स्वतःच्या जागेत पण तुमच्याच खोलीत झोपावं.

बाळाच्या तब्येतीचं थोडक्यात, कारण ते तुम्ही एकदा केलेलं आहे. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा चांगली शू. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. उतार १० टक्क्यांच्या जवळ गेला तर वाट पाहायची नाही. डोळे-त्वचा पिवळी दिसणं पुष्कळ बाळांत होतं, पण पहिल्या २४ तासांत दिसलं, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियसला पोचला तर रात्र असो वा पहाट, लगेच निघायचं. घरी औषध देऊन बघत बसायचं नाही.

दुसऱ्या बाळाच्या बाबतीत एक नवी गोष्ट असते: घरात सर्दी-खोकला आणणारं मूल आधीच आहे. थोरल्याच्या लसी पूर्ण आहेत का ते याच आठवड्यात बघा. डांग्या खोकला नवजात बाळाच्या जिवावर बेततो आणि तो बहुधा घरातल्याच कुणाकडून येतो. बऱ्याच देशांत गर्भारपणी २७ ते ३६ आठवड्यांत आईला त्याची लस देतात, म्हणजे बाळ आईकडून संरक्षण घेऊनच जन्मतं. तुम्ही अजून त्या मुदतीत आहात, उद्याच डॉक्टरांना विचारा. थोरल्याला बाळाच्या तोंडाऐवजी पावलांचा पापा घ्यायला शिकवा, मुलांना ते आवडतंच. आणि हात धुवायला सांगितल्यावर पाहुणे रुसले तर रुसू द्या. १८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना जंतुनाशक द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तेव्हाही पुष्कळ मोठे डॉक्टर दुखावले होते.

आता मदतीचं वेळापत्रक, आणि यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरतं, तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे पांगतात. पण खरी कसोटी तेव्हा सुरू होते. बेरी ब्राझेल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. निरोगी बाळांचंही रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं, दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचतं आणि मग उतरतं, असं त्यांना दिसलं. नेमक्या त्याच सुमाराला थोरल्याची नवलाई संपलेली असते, यजमानांची रजा संपलेली असते आणि तुमची झोप तळाला गेलेली असते. जी बहीण किंवा मैत्रीण 'मी येऊ का?' विचारेल, तिला पहिल्या आठवड्यात नका बोलावू, पाचव्यात बोलवा. आणि आल्यावर तिच्या हातात बाळ द्या, थोरला नव्हे. तो अर्धा तास तुमचा आणि त्याचा.

तुमच्याबद्दलही बोलायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणं बहुतेक बाळंतिणींना होतं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उचल खात नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, सगळं व्यर्थ वाटत असेल, तर ते आळस किंवा कृतघ्नपणा नाही, प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली मी प्रत्येक घरी देते, पाच मिनिटांत भरून होते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. बाबांनाही असं नैराश्य येतं, त्यांचा चेहराही बघत राहा.

आणि ती शेवटची ओळ. मला ती इतक्या जणींनी ऐकवली आहे, बहुतेक दाराशी, मी निघताना, हळू आवाजात. म्हणून जे पाहिलंय तेच सांगते. काहींना दुसऱ्याला हातात घेतल्याक्षणी भरून येतं. पुष्कळजणींना येत नाही. त्या बाळाला नीट पाजतात, पुसतात, झोपवतात आणि मनात थोरल्यासाठी रडत असतात. चार-सहा आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, पाजता पाजता बाळ थांबून वर बघतं आणि हसतं, तेव्हा काहीतरी सुटतं. तोवर तुम्ही फक्त पाजलं आणि ऊब दिली तरी बाळाचं काही कमी पडत नाही. थोरल्यासाठी वाटणारं दुःखही खरं आहे. तुम्ही दोघंच असायचात ते दिवस संपताहेत, त्याबद्दल रडू आलं तर येऊ द्या.

तो पुन्हा 'परत देऊन टाक' म्हणाला तर 'असं बोलू नये' म्हणू नका. 'परत नाही देता येणार. पण तुला राग आला की मला येऊन सांग, मी ऐकेन,' एवढंच म्हणा. आणि आज रात्री तो झोपल्यावर दोघं कागद घेऊन बसा. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे आठवडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर बाळ कुणाच्या हातात द्यायचं त्या माणसाचं नाव. एखाद्या आठवड्यासमोर नाव सापडलं नाही, तर तोच आठवडा मला कळवा, आपण त्याचं काय करायचं ते बघू.